वहिवाट

नाशिक,
भाद्रपद वद्य पंचमी

चिरंजीव बाळ यास,

तुझे पत्र परवा दुपारच्या टपालाने पोचले, आणि त्यासोबतचा तो अर्जही. पत्रात तू विचारले आहेस ते एवढेच, की सेल्फ सुस्त उचलतो, सबब सहा व्होल्टची बॅटरी काढून बारा व्होल्टची बसवावी काय. आणि एवढाच प्रश्न असता तर एका कार्डावर उत्तर लिहून मी मोकळा झालो असतो. परंतु अखेरीस, जणू काही किरकोळ बाब असावी अशा थाटात, तू कळवतोस की गाडीची ‘विंटेज’ वर्गात नोंदणी करून घेण्याची तजवीज केली आहे, गाडी अद्याप माझ्या नावावर असल्यामुळे फुलीच्या जागी सही करून अर्ज परत धाडावा, आणि ‘काका, आता तिला विश्रांती देऊ या.’ या एका वाक्याने माझी रात्रीची झोप गेली. तुझी काकू म्हणते, पोराने चांगल्या मनाने लिहिले आहे. चांगल्या मनाने लिहिले आहे हे मलाही दिसते, आणि म्हणूनच भय वाटते. अर्ज सहीवाचून परत पाठवीत आहे.

तो नियम तू पुरता वाचलास काय? २०२१ च्या जुलै महिन्यातली ती दुरुस्ती मी मुद्दाम मिळवून, आयुष्यभर सरकारी कागद वाचलेल्या माणसाच्या खोडीने, पोटकलमांसह वाचली. पन्नास वर्षांहून जुने वाहन, सांगाडा, कवच व इंजिन यांत मूलगामी फेरफार न झालेले. फी वीस हजार रुपये. मुदत दहा वर्षांची. नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरे. येथवर सारे ठीक. पुढे मात्र स्पष्ट हुकूम आहे, की असे वाहन नित्याच्या अथवा धंद्याच्या कामासाठी रस्त्यावर चालवता कामा नये. प्रदर्शन, मेळावा, तांत्रिक संशोधन, पेट्रोल भरणे आणि दुरुस्ती, एवढ्याच निमित्ताने त्याने घराबाहेर पडावे. म्हणजे तू त्या गाडीतून तुझ्या आईला देवळात नेलेस, तर पेट्रोल भरायला निघालो होतो अशी मखलाशी करावी लागेल. ज्यांच्या गाड्या वर्षातून एकदा ट्रकच्या पाठीवर बसून मेळाव्याला जातात, त्यांना हा नियम सोयीचा आहे, आणि मी त्याला नावे ठेवीत नाही. पण आपल्या गाडीचा दाखला हयात आहे, दर पाच वर्षांनी पेठ रोडच्या कचेरीत ब्रेक दाखवून तिने तो स्वतःच्या चाकांवर जाऊन मिळवलेला आहे. तो चालता दाखला देऊन त्याच्या बदली शोभेची सनद घेण्याची दुर्बुद्धी तुला कोणी सुचवली?

महसूल खात्यात हयात गेलेल्या माणसाला दुसरी भाषा येत नाही, म्हणून त्याच भाषेत सांगतो. गाव नमुना सात हा हक्काचा आणि नमुना बारा हा पिकाचा. दोहोंना जोडून आपण सातबारा म्हणतो, आणि बहुतेक लोक सातावरचे आपले नाव पाहून कागदाची घडी घालतात. परंतु मी असे कितीक उतारे पाहिले, की ज्यांच्या सातावर तालेवार घराण्याच्या तीन पिढ्या नांदत आहेत आणि बारावर सालोसाल एकच शब्द: पड. तुझ्या अर्जाने आपल्या डॉजचा सात सोन्याच्या अक्षरांत लिहिला जाईल आणि बारा कायमचा पड राहील. जी विहीर उपसली जात नाही तिचे पाणी बिघडते, जी पैठणी नेसली जात नाही ती घडीवर चिरते (तुझ्या आजीची निळी आठव), आणि दहावीला संस्कृतात नव्वदावर गुण मिळवून कपाटात ठेवलेल्या मुलाला चाळिशीत सत्यनारायणाची पोथीही अडखळत वाचावी लागते. असो. वहिवाट ही वस्तूवर केलेली मेहेरबानी नव्हे, ती वस्तूची उपजीविका आहे, असे माझे मत आहे. आणि ते मी पुस्तकातून उचललेले नाही.

तुझ्या काकूच्या त्या दुखण्यात, २००३ साली, गाडी सात महिने जागची हलली नाही. तू तेव्हा बंगलोरला होतास. मला वाटले होते, छपराखाली आहे, कापड घातले आहे, तिला काय होते आहे? आठव्या महिन्यात बॉनेट उचलले तेव्हा शिळ्या रोगणासारखा वास आला. तो टाकीतल्या पेट्रोलचा. कार्बोरेटरची सुई चिकटली होती, क्लचची प्लेट फ्लायव्हीलला धरून बसली होती, ब्रेकच्या नळकांड्यांतले दट्टे गंजून जाम झाले होते, मागच्या बाकात उंदरांनी संसार थाटला होता. भद्रकालीतल्या मिस्त्रींनी रेडिएटर उतरवला आणि इंजिनच्या पोटातून, सहाही सिलिंडरांना पाणी वाटून देणारी ती लांब चपटी नळी हलक्या हाताने ओढली, तो ती नळी अशी आलीच नाही. भाकरीचे पापुद्रे निघावेत तसे गंजाचे तुकडे त्यांच्या तळहातावर आले. पुढच्या सिलिंडरांना पाणी आणि मागच्यांना दुष्काळ, असा कारभार किती काळ चालला होता कोण जाणे. मिस्त्री काही बोलले नाहीत. ते तुकडे त्यांनी वर्तमानपत्रावर ओळीने मांडले आणि माझ्याकडे पाहिले. त्या पाहण्याची मला अजून शरम वाटते.

नवी नळी कुठली मिळायला? ती आपल्या तांबट लेनमध्ये झाली. आयुष्यभर बंब आणि घागरी ठोकलेल्या एका वृद्ध तांबटाने पितळी पत्रा घेऊन, जुन्या तुकड्यांवरून भोकांची अंतरे कागदावर उतरून, दोन दिवसांत ती घडवली. तू पत्रात ‘ओरिजिनल’ हा शब्द चार वेळा लिहिला आहेस, म्हणून सांगतो. ती नळी डेट्रॉइटची नाही, नाशिकची आहे; परंतु ती मूळ बरहुकूम आहे, तेच माप, तीच भोके, तेच काम. मूळ स्थितीचा अर्थ मी असा लावतो, की गाडी जशी चालावी म्हणून घडवली होती तशीच ती आज चालली पाहिजे. उलट क्यूबात पन्नाशीच्या दशकातल्या अमेरिकन गाड्या रोज रस्त्यावर दिसतात, पण कित्येकांच्या बॉनेटखाली कुठलेसे डिझेल इंजिन धडधडत असते. त्यांच्यावर निर्बंध आहेत, पोट आहे. त्यांना मी हात जोडतो. तुला तसली सबब नाही.

आणि ‘अमेरिकन’ म्हणजे तरी किती? आपली डॉज किंग्जवे कुर्ल्याची आहे. सोलापूरच्या वालचंदांनी १९४४ साली प्रीमियर काढली, क्रायस्लरशी करार करून सुटे भाग आणवले, आणि १९४७ पासून तेथे गाड्या जुळू लागल्या. शिवडीला जनरल मोटर्सचा कारखाना १९२८ पासून होता, पण गाडी नुसती जुळवू नका, इथेच घडवा, असे सरकारचे धोरण ठरल्यावर तो १९५४ साली उठला. आपली १९५१ ची. तुझ्या आजोबांनी ती घेतली तेव्हा रविवार कारंजापर्यंत तिच्यामागे पोरे धावली होती, त्यांत मी नव्हतो, कारण मी आत होतो. क्रायस्लरच्या त्या काळच्या प्रमुखांचा, केलर यांचा, हट्ट असा की डोक्यावर हॅट ठेवून माणसाला गाडीत ताठ बसता आले पाहिजे. त्या हट्टापायी त्यांच्या गाड्या उंच आणि बोजड दिसत राहिल्या, असे म्हणतात. पण गिरणाऱ्याहून रोग्याला आणताना त्याच्याबरोबर आलेला म्हातारा पाटील पुरत्या फेट्यासकट मागच्या बाकावर बसे आणि फेट्याचा तुरा छताला लागत नसे, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. केलरसाहेबांना हे कळते तर बरे झाले असते. दुतोंड्या मारुतीला पाणी लागले की त्याच बाकावर आळीतली नऊ-दहा पोरे कोंबून माझे बाबा पूर दाखवायला होळकर पुलाकडे नेत. ते विश्रांतीविषयी कधी बोलल्याचे मला आठवत नाही. गाडीच्याही नाही आणि स्वतःच्याही नाही.

आता बॅटरी. बदलू नकोस. एक बारा व्होल्टची बसवलीस की बल्ब, हॉर्न, कॉइल, डायनामो, काटे, सगळ्यांच्या बदल्या कराव्या लागतील. सहा व्होल्टला तेवढ्याच कामासाठी दुप्पट करंट लागतो, म्हणून तिची केबल करंगळीहून जाड असावी लागते. तुझ्या तिकडच्या दुकानदाराने हल्लीच्या गाडीची बारीक केबल घातली असणार, दुसरे काय? जाड केबल घाल, टोके सँडपेपरने चकचकीत कर, आणि कृपा करून पाहा की बॅटरीचे धन टोकच गाडीच्या अंगाला जोडले आहे. या गाडीत अर्थिंग धन टोकाचे आहे, ऋणाचे नव्हे. हे मी तुला गाडी नेतेवेळी दोनदा सांगितले होते आणि दोन्ही वेळा तू फोनवर होतास.

तू लिहितोस की महिन्यातून एकदा पाच मिनिटे इंजिन चालू करून बंद करतो. याच्याइतके वाईट दुसरे काही नाही! इंजिन पुरते तापत नाही, ऑइलमध्ये पाणी धरते, सायलेन्सर आतून कुजतो. आठवड्यातून दोनदा, निदान अर्धा तास, रस्त्यावर चालव. पेट्रोलमध्ये आता वीस टक्के इथेनॉल असते, ते हवेतला ओलावा शोषते. टाकीत शिळे होण्याआधी ते जळलेले बरे. रबरी नळ्या नव्या जातीच्या घाल. महागडे पेट्रोल घेऊ नकोस. ९७ अश्वशक्तीचे, कमी दाबाचे इंजिन आहे, त्याला साधे चालते. दर हजार मैलांना किंगपिनचे ग्रीसिंग हा आपला शिरस्ता आहे, आणि मैल म्हणजे मैल, किलोमीटर नव्हे.

दसऱ्याला गाडी घेऊन येतो म्हणतोस, ते वाचून मात्र बरे वाटले; काकूने झेंडूचे आत्ताच सांगून ठेवले आहे. पण एकटा येऊ नकोस, आणि रात्री तर मुळीच नाही. ठाण्याहून पहाटे चारला नीघ, म्हणजे कसारा घाट उन्हाआधी चढशील. घाटात गाडी गचके देऊन बंद पडली तर सेल्फ मारत बसू नकोस. पेट्रोलची पंपातच वाफ झालेली असते. पंपावर ओले फडके टाक आणि पंधरा मिनिटे डोंगर पाहा. घाटनदेवीला नारळ फोड आणि तेथून मला फोन कर. परतीची मला जास्त काळजी आहे. उतार सबंध सेकंड गिअरमध्ये उतरायचा. ब्रेकला एकच नळी आहे, ती गेली तर चारही चाकांचे गेले, आणि मागे ट्रकवाला कितीही हॉर्न वाजवो, तू वेग वाढवायचा नाहीस. पाऊस असला तर येऊच नकोस. म्हणजे थोडाफार असला तर ये. तू ते कसे ठरवणार, मला कळत नाही. आदल्या दिवशी फोन कर. डोळ्यांच्या डॉक्टरांनी स्टिअरिंग सोडायला लावले नसते तर मीच आलो असतो तिला न्यायला.

तुझा,
काका

ता. क. डाव्या बाजूच्या दोन्ही चाकांचे बोल्ट उलट्या आट्याचे आहेत, त्यांवर इंग्रजी ‘एल’ कोरला आहे. पंक्चरवाला ते नेहमीच्या दिशेने पिळून मोडायला बघेल. पाना त्याच्या हाती देऊ नकोस. आणि मागचे चाक जॅकवर घेण्याआधी बाकीच्या चाकांना दगड लाव. हँडब्रेक चाकांना नाही, गिअरबॉक्समागच्या दांड्याला आहे. एक चाक अधांतरी झाले की त्याचा काही उपयोग नाही. डिकीत उजव्या कोपऱ्यात गोणपाटाचा एक तुकडा आहे, बाबांच्या वेळचा, पंपावर टाकायचा. गाडी साफ करताना तो टाकून तर दिला नाहीस ना?