दार दिसलं की आत!

पॅरिसमध्ये एक पास मिळतो. तो मोबाइलमध्ये असला की त्या शहरातली आणि आसपासची पन्नासहून जास्त संग्रहालयं आणि ऐतिहासिक वास्तू तुम्हाला उघड्या होतात. लूव्र त्यात, ओर्से त्यात, व्हर्सायचा राजवाडा त्यात, आर्क द ट्रायम्फची गच्ची त्यात, आणि ज्यांची नावंही आपण कधी ऐकलेली नसतात अशी कितीतरी अफलातून ठिकाणं त्यात! 'पॅरिस म्युझियम पास' हे त्याचं नाव. मी तिथून परत आल्यापासून भेटेल त्याला हेच सांगत सुटले आहे. आता तुम्हाला सांगते.

हा पास 48, 96 आणि 144 तासांचा मिळतो. दिवसांचा नाही, तासांचा! पहिल्या दारावर कोड स्कॅन झाला की घड्याळ सुरू होतं. म्हणजे बुधवारी दुपारी दोनला सुरू केलेला 96 तासांचा पास रविवारी दुपारी दोनपर्यंत चालतो. आम्ही नेमकं तेच केलं. आणि बुधवारच का, तर लूव्र, ऑरांजेरी आणि गिमे ही संग्रहालयं मंगळवारी बंद, ओर्से, रोदँ आणि व्हर्साय सोमवारी बंद. बुधवार ते रविवार या पट्ट्यात सगळी दारं उघडी. शिवाय बुधवारी आणि शुक्रवारी लूव्र रात्री नऊपर्यंत, गुरुवारी ओर्से पावणेदहापर्यंत! हे वेळापत्रक पहिल्यांदा जुळून आलं तेव्हा मला जागेवर बसवेना.

बरोबर आई होती. तिला मी पासची कल्पना समजावून सांगितली, तर ती लगेच म्हणाली, "म्हणजे एसटीचं 'आवडेल तेथे कोठेही प्रवास' की गं!" अगदी तेच. लग्नानंतर बाबांबरोबर तिने त्या पासावर कोकण पालथं घातलं होतं. एकदा पैसे भरले की मग कुठल्याही गाडीत बसा, कुठेही उतरा, गाव आवडलं नाही तर पुढची गाडी पकडा. पॅरिसच्या पासात एकच फरक आहे. इथे प्रत्येक ठिकाणी आत एकदाच जाता येतं, बाहेर पडलं की त्याच दारातून पुन्हा नाही. पण दारंच इतकी आहेत की त्याची खंत कशाला!

पहिलं दार आम्ही निवडलं सँत शापेलचं. सेन नदीच्या मधोमध बेट आहे, त्यावर न्यायालयाच्या आवारात हे चॅपल आहे. नववा लुई हा फ्रान्सचा राजा, त्याने येशूच्या डोक्यावरचा म्हणून मानला जाणारा काटेरी मुकुट विकत घेतला, तो ठेवायला हे बांधलं, आणि 1248 मध्ये ते पूर्ण होऊन त्याची प्रतिष्ठापना झाली. चॅपलला लागले त्याहून कितीतरी जास्त पैसे मुकुटाला पडले होते, असं सांगतात. तळमजल्यावर शिरलो तर ठेंगणं छत, निळ्यावर सोनेरी फुलांची नक्षी, थोडा अंधार. छान होतं. मला वाटलं, हेच ते. मग कोपऱ्यात एक अरुंद गोल जिना दिसला. आई पुढे, मी मागे, एका हाताने दगडी भिंत धरून वर गेलो.

आणि वर भिंतीच नाहीत! मी अतिशयोक्ती करत नाही. खालपासून छताकडे जाणारी काच, फक्त काच, पंधरा मीटर उंच अशा पंधरा खिडक्या, आणि त्यांच्यामध्ये दगडाचे बोटभर वाटावेत असे खांब. निळा, लाल, जांभळा, कुठे हिरवा. बाहेर दुपारचं ऊन होतं, ते त्या काचांतून येऊन फरशीवर, लोकांच्या कपड्यांवर, आईच्या पांढऱ्या केसांवर पडत होतं. त्या काचांमध्ये बायबलमधले 1113 प्रसंग रंगवलेले आहेत. बहुतेक खिडक्या खालून वर वाचत जायच्या. एका खिडकीपाशी जाऊन मी तळाच्या चौकटीपासून सुरुवात केली. माणसं बोटाएवढी, पण प्रत्येकाचा हात काहीतरी करतोय, कुणी दाखवतंय, कुणी ओझं उचलतंय, कुणी गुडघे टेकतंय. मान दुखेपर्यंत वर पाहत राहिले आणि तरी एक खिडकी पुरी झाली नाही. साडेसातशेहून जास्त वर्षांपूर्वी, विजेशिवाय, माणसांनी दगडाची भिंत काढून टाकून तिथे उजेड बसवला! मग तो दगड उभा कसा राहिला? बाहेरच्या बाजूचे जाड आधार आणि दगडांच्या आत लपवलेल्या लोखंडी साखळ्या यांनी सगळा भार पेलला आहे. हे कळल्यावर मी पुन्हा एकदा सगळं पाहिलं, या वेळी दगडाकडे.

बाहेर आलो ते शेजारच्याच काँसिएर्जरीत. राणी मारी आंत्वानेतला 1793 मध्ये मृत्युदंडाआधी जिथे कैदेत ठेवलं ती ही जागा, आणि तीही पासातच. सुटं तिकीट काढायचं असतं तर आम्ही 'आज एवढं पुरे' म्हणून पुढे गेलो असतो. पास होता म्हणून आत गेलो, आणि सैनिकांच्या जेवणाचं ते अवाढव्य कमानदार दालन बघायला मिळालं.

पासचं खरं वैभव मला इथेच कळलं. पैसे वाचतात, हो, भरपूर ठिकाणं पाहिली तर नक्कीच वाचतात. पण त्यापेक्षा मोठी गोष्ट अशी की दारापाशी उभं राहून हिशेब करणं बंद होतं. एरवी तिकिटाचे इतके युरो, म्हणजे इतके रुपये, म्हणजे आता निदान तीन तास तरी आत काढायलाच हवेत, पाय मोडले तरी प्रत्येक दालन बघायलाच हवं, असं आपण स्वतःला बजावतो. पासवर तसं नाही. अर्धा तास बघा, एकच चित्र बघा, मन भरलं की निघा. पुढचं दार आहेच. पहिल्या संध्याकाळीच आईची चाल बदलली. ती कुठल्याही जुन्या इमारतीपुढे थांबून विचारायची, "हे आपल्या पासात आहे का गं?" आणि असलं की आम्ही आत!

ओर्से तर मी कुणालाही हात धरून न्यायला तयार आहे. 1900 च्या जागतिक प्रदर्शनासाठी बांधलेलं हे रेल्वे स्टेशन. पुढे गाड्या लांब झाल्या, फलाट अपुरे पडू लागले, आणि 1939 नंतर लांब पल्ल्याच्या गाड्या बंद झाल्या. ही इमारत पाडायचंही घाटत होतं! ती वाचली आणि 1986 मध्ये तिथे संग्रहालय उघडलं. आजही आत शिरलं की काचेचं कमानदार छत, आणि रुळांच्या जागी पुतळे. गुरुवारी संध्याकाळी सहानंतर गेलो तर गर्दी विरळ होत होती. वरच्या मजल्यावर स्टेशनचं प्रचंड घड्याळ आहे, त्याच्या काचेमागे उभं राहायचं आणि उलट्या आकड्यांमधून सेन नदी आणि लांबवर माँमार्त्रची टेकडी पाहायची!

व्हॅन गॉगच्या दालनात आई एका छोट्याशा चित्रापुढे थांबली. आर्लमधली त्याची झोपायची खोली. हे चित्र त्याने तीनदा काढलं, आणि ओर्सेमधलं हे तिसरं आणि सगळ्यात लहान. 1889 मध्ये त्याने ते मुद्दाम आई आणि बहिणीसाठी काढलं. मी आईला हे सांगितलं. तिने चष्मा पुसला आणि पुन्हा पाहायला लागली. पिवळा पलंग, त्यावर दोन उशा, लाल पांघरूण, दोन खुर्च्या, खुंटीला टांगलेले कपडे, भिंतीवर तसबिरी. "पोरगा कुठे राहतो ते आईला दाखवायचं होतं त्याला," ती म्हणाली. पुस्तकात, दिनदर्शिकेत, कपावर हे चित्र मी शंभरदा पाहिलं असेल. पण रंगाचा तो जाड थर, पलंगाच्या कडेची ती एका दमात ओढलेली रेघ कुठल्याही छपाईत येत नाही हो, येत नाही! आम्ही त्या एका चित्रापाशी इतका वेळ काढला की पुढची तीन दालनं सोडून दिली, आणि काहीही वाटलं नाही.

लूव्रबद्दल मी फार लिहिणार नाही, सगळेच लिहितात. इतकंच सांगते: शुक्रवारी संध्याकाळी जा, मोनालिसाकडे धावू नका. आधी हम्मुराबीचा काळा दगड पाहा, ज्यावर बॅबिलोनचे कायदे कोरलेले आहेत. मग खोर्साबादचे माणसाच्या तोंडाचे पंखवाले बैल पाहा. आणि जिन्याच्या माथ्यावर उभी असलेली सामोथ्रेसची विजयदेवता खालच्या पायरीवरून, वर चढत चढत पाहा.

आता ते ठिकाण, ज्यासाठी मी हा लेख लिहायला बसले. आर ए मेतिए, म्हणजे तंत्र आणि कारागिरीचं संग्रहालय. 1794 मध्ये, राज्यक्रांतीच्या धामधुमीत, यंत्रं आणि अवजारं जपून ठेवायला आणि लोकांना शिकवायला ही संस्था काढली गेली. पॅरिसला गेलेल्या माझ्या ओळखीतल्या एकानेही याचं नाव घेतलं नव्हतं. पासच्या यादीत दिसलं म्हणून शनिवारी सकाळी गेलो. मुख्य जिन्यावर वर पाहिलं तर छताला एक अजस्र वटवाघूळ! क्लेमाँ आदेरने 1897 मध्ये केलेलं वाफेवरचं विमान. पंखांना सांधे, त्यावर ताणलेलं कापड, आणि पुढे पिसांसारखी पाती असलेले दोन पंखे. वटवाघळाची नक्कल केली की उडता येईल, असं वाटणाऱ्या माणसाचा अख्खा विचार तिथे लटकतोय. दालनांत पास्कालचं बेरजेचं यंत्र आहे, लाव्हॉझिएच्या प्रयोगशाळेतली उपकरणं आहेत, आणि 1770 च्या सुमाराचा क्युन्योचा वाफेवर चालणारा गाडा आहे, मोटारींचा पणजोबाच तो. आणि शेवटी एक जुनं चर्च लागतं. तिथे, जिथे देवाची प्रार्थना होत असे तिथे, ब्लेरिओचं विमान टांगलेलं आहे. 1909 मध्ये याच विमानाने इंग्लिश खाडी ओलांडली! खाली फुकोचा लंबक झुलतो, पृथ्वी स्वतःभोवती फिरते हे दाखवणारा. शाळेत भूगोलाच्या पुस्तकात वाचलेला लंबक डोळ्यांपुढे हलताना पाहून मी आईचा दंड इतका घट्ट धरला की ती म्हणाली, "अगं, हळू!"

तिथून गिमेला. आशियाई कलेचं हे संग्रहालय. तिथे चोळकाळातला ब्राँझचा नटराज आहे, तमिळनाडूतला. आईने पायातले बूट काढावेत की काय असा क्षणभर विचार केला असावा, मग हात जोडले. इतक्या लांब आपल्या देवाला काचेआड पाहून मनात एक हुरहुर आली, ती मी लपवत नाही. आणि लगेच रोदँ या शिल्पकाराचं संग्रहालय आठवलं. आदल्याच दिवशी त्याच्या बागेत 'विचारवंता'पुढे बसून आलो होतो. या रोदँने मद्रासच्या संग्रहालयातल्या नटराजाची फक्त छायाचित्रं पाहून त्यावर एक अख्खा लेख लिहिला होता, वेडा होऊन लिहिला होता! एका पासावर दोन दारं, आणि मधला पूल आपल्या नटराजाचा.

संध्याकाळी आर्क द ट्रायम्फ. वर जायला 284 पायऱ्या. आईच्या गुडघ्यांना ते झेपणारं नव्हतं, म्हणून ती खाली अनाम सैनिकाच्या समाधीपाशी थांबली. तिथली ज्योत 1923 पासून रोज संध्याकाळी साडेसहाला नव्याने प्रज्वलित करतात, जर्मनांनी पॅरिस घेतलं होतं तेव्हाही त्यात खंड पडला नाही. मी वरून चारी दिशांना फुटलेले बारा रस्ते पाहून धापा टाकत खाली आले, तर आई झेंडे घेतलेल्या म्हाताऱ्या माजी सैनिकांकडे टक लावून पाहत होती. कुणाचं जास्त छान झालं, यावर आम्ही हॉटेलपर्यंत बोलत होतो.

काही गोष्टी मात्र ध्यानात ठेवाच. आयफेल टॉवर या पासात नाही. पास असला तरी लूव्र, सँत शापेल आणि व्हर्सायसाठी आधी वेळ राखून ठेवावी लागते. ऑरांजेरीचीही घ्या, कारण मोनेची कमळं बघायला सगळं जग येतं. दोन लंबगोल दालनं, वरून झिरपणारा उजेड, दोन मीटर उंचीची आठ चित्रं, आणि आपण तळ्याच्या मधोमध! सुरक्षा तपासणीची रांग कुणालाच चुकत नाही. आणि अठरा वर्षांखालच्या मुलांना यातल्या बहुतेक ठिकाणी मोफत प्रवेश आहे, त्यांच्यासाठी पास घेऊ नका, फक्त वेळ राखून ठेवा.

आमचं व्हर्साय राहिलं. क्लूनी संग्रहालयातले एकशिंगी घोड्याचे सहा गालिचे राहिले. फ्रान्सचे राजे जिथे पुरले आहेत ते सँ दनीचं चर्च राहिलं, ल बुर्जेचं विमानांचं संग्रहालय राहिलं. आईने यादी करून फ्रीजवर लावली आहे. पुढच्या वेळी 144 तासांचा घ्यायचा, पुन्हा बुधवारी दुपारी सुरू करायचा, आणि पहिलं दार सँ दनीचं, हे तिने ठरवूनही टाकलंय.