नायगाव आलं तरी खलनायक येईना

अंधेरीला मला चौथी सीट मिळाली आणि मी इअरफोन कानात घातले. बोरिवली मागे पडलं तरी गोष्टीतलं काही म्हणजे काही कळलं नव्हतं. कोण बोलतंय, कुणाशी बोलतंय, ही माणसं खोलीत आहेत की रस्त्यावर, कशाचा पत्ता नाही. सांगणारं कुणी नव्हतंच. नुसते आवाज. समोरची बाई मेथी निवडत होती, दारातल्या बायकांचं भांडण चाललं होतं, आणि माझ्या कानात इंग्रजी माणसं परग्रहावर काहीतरी बोलत होती.

हे माझ्या भाच्याने फोनमध्ये घालून दिलं होतं. ‘डॉक्टर हू’ ही बीबीसीची १९६३ पासूनची मालिका, तिचा एकही भाग मी पाहिलेला नाही. माझं विज्ञानकथेचं वाचन शाळेच्या लायब्ररीतल्या नारळीकरांपाशी थांबलेलं. भाचा म्हणाला, “मावशी, त्या मालिकेत सायबरमेन नावाचे दुष्ट आहेत. ते जन्मले कसे, त्याचं हे श्रुतिनाट्य आहे. तू आधी काही बघू नकोस. नुसतं ऐक.”

मी ऐकत होते आणि वाट बघत होते, दुष्ट कधी येणार? भाईंदरची खाडी आली, नायगाव आलं, वसई आली. कुणी आलं नाही. विरारला उतरले तेव्हा मला खरोखर वाईट वाटत होतं. पोराने इतक्या हौसेने दिलेली गोष्ट मला झेपत नव्हती.

रात्री आईला सांगितलं. आईचं अर्धं आयुष्य मुंबई आकाशवाणीवरची नभोनाट्यं ऐकत पोळ्या लाटण्यात गेलंय. ती म्हणाली, “नावं कशाला शोधतेस? आधी आवाज धर. कोण धापा टाकतं, कोण वाक्य अर्धवट सोडतं, ते धर. जागा मग कळतेच. मोठ्या खोलीत आवाज पोकळ येतो, छोट्या घरात अंगाला चिकटतो.”

दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून लावलं. आणि काय सांगू, चित्र दिसायला लागलं.

नाटकाचं नाव ‘स्पेअर पार्ट्स’. लेखक मार्क प्लॅट. बिग फिनिश या इंग्लंडमधल्या कंपनीने ते २००२ साली सीडीवर काढलं. तेव्हा ती मालिका टीव्हीवर चालूही नव्हती. १९८९ मध्ये बंद पडली होती आणि पुन्हा सुरू व्हायला २००५ उजाडायचं होतं. मधल्या त्या काळात या मंडळींनी गोष्ट आवाजावर जिवंत ठेवली. टीव्हीवर ऐंशीच्या दशकात डॉक्टर झालेला पीटर डेव्हिसन इथे पुन्हा डॉक्टर आहे. डॉक्टर म्हणजे काळातून फिरणारा प्रवासी, हे मला भाच्याला फोन करून विचारावं लागलं. त्याच्याबरोबर निसा नावाची मुलगी आहे. त्यांचा एक सोबती पुढे सायबरमेनच्या पायी मेलेला आहे. पुढे म्हणजे भविष्यात. पण या दोघांसाठी ते घडून गेलंय. हा काळाचा गुंता समजायला मला मीरा रोड ते नालासोपारा एवढा वेळ लागला.

ग्रहाचं नाव मॉन्डस. पृथ्वीचा जुळा भाऊ, सूर्यापासून भरकटलेला. वर जमिनीवर जगणं शक्य नाही, म्हणून उरलेली माणसं जमिनीखालच्या शहरात राहतात. कुणाचं हृदय थकलं की दुसरं बसवायचं. वर जाऊन काम करायला माणसं लागतात आणि साधं शरीर तिथे टिकत नाही, तेव्हा शरीर बदलायचं. मी प्रत्येक पात्राकडे संशयाने पाहत होते, हाच असणार, हीच असणार. हे सगळं घडवणारी डॉक्टरीणही पाहिली, डॉक्टरमन अ‍ॅलन तिचं नाव. ती तर दमून गेलेली बाई निघाली. बदललेली शरीरं टिकत नव्हती, तो अडलेला प्रश्न कशाने सुटतो? डॉक्टरच्याच शरीराच्या नमुन्यावरून. हे अडवायला हवं असं ज्याला वाटतं, त्याच्याच अंगातून उत्तर निघतं. ही जागा मी दोनदा मागे नेऊन ऐकली.

मग मी सायबरमेन मुळात कुणी रचले ते वाचलं. किट पेडलर हे वैद्यकीय संशोधक आणि गेरी डेव्हिस हे लेखक. १९६६ च्या ऑक्टोबरमध्ये ‘द टेन्थ प्लॅनेट’ या कथेत ते पहिल्यांदा आले, तोंडावर कापड ओढलेले, हात मात्र उघडे, माणसाचेच. अवयव बदलत गेलो तर माणूस कुठे संपतो, ही पेडलरांची भीती होती. मला याचा आधी रागच आला. दोन वर्षांपूर्वी माझ्या आईचे दोन्ही गुडघे बदलले. त्या धातूनेच तिला आमचा तिसरा मजला परत दिला. पण नाटक त्या गुडघ्याविरुद्ध नाहीच. मॉन्डसवर पहिलं पाऊल कुणीच चुकीचं टाकत नाही. थांबावं असा दिवस त्यांच्या वाट्याला येत नाही, एवढंच. सायबरमेनच्या भावनाही शेवटी काढून टाकतात. सकाळी आठच्या गर्दीत कुणाचं कोपर बरगडीत घुसतं तेव्हा मीही काही वाटून न घ्यायला शिकले आहे, आणि ते वाटेनासं होणं मला हवंहवंसं असतं. म्हणून ते ऐकताना माझे हात गार पडले.

त्या पहिल्या कथेच्या शेवटच्या भागाचं चित्र, काही तुकडे सोडले तर, हरवलंय. आवाज उरला, कारण कुणीतरी घरी बसून टेपवर धरून ठेवला होता. भाच्याने हे सांगितलं तेव्हा ‘नुसतं ऐक’ चा अर्थ मला लागला.

आणि तो आवाज! वाक्याचा चढउतार भलत्याच ठिकाणी. निकोलस ब्रिग्जने ‘स्पेअर पार्ट्स’मध्ये १९६६ चा तोच सूर काढलाय. गाडीतल्या सूचना अशाच लागतात: ‘पुढील स्टेशन’ एका सुरात, मग बारीकशी फट, मग ‘नालासोपारा’ दुसऱ्याच सुरात. बाई खरी, आवाज खरा, पण तुकडे जोडणाऱ्याला ती कुठे श्वास घेते याची फिकीर नाही.

हार्टले नावाचं एक कुटुंब आहे, बाप, मुलगा, मुलगी. निसा त्यांच्या घरी राहते. मुलीचं नाव इव्हॉन. छोट्या घरातला, अंगाला चिकटणारा आवाज. पहिल्या भागापासून मी तिच्या बाजूची झाले होते. तिला कामावर बोलावणं येतं. तिचं शरीर बदलतात. आणि अर्धवट बदललेली इव्हॉन घरी परत येते. पडद्यावर मला आधी धातू दिसला असता. इथे मी फक्त आवाज ऐकत होते, सूर मोडलेला, आणि त्याच्या तळाशी ती. तीन दिवस मी ज्याची वाट बघत होते तो खलनायक आला होता आणि तो हार्टल्यांची पोरगी होता. समोरच्या बाईने मेथीची पिशवी बाजूला ठेवून मला पाणी दिलं. काय झालं, असं तिने विचारलं नाही.

घरी आल्यावर आईला सगळी गोष्ट मराठीत सांगितली, तिच्या पलंगावर बसून. मॉन्डस, ते जमिनीखालचं शहर, कामाचं बोलावणं. ती मध्ये एकदाही बोलली नाही. मुलगी घरी येते तिथे मी थांबले, तेव्हा तिने विचारलं, “बापाने ओळखलं का गं तिला?”

“ओळखलं.”