कोबोल तीच, हिशेब निराळा

मेनफ्रेमवरचे कोबोल प्रोग्रॅम सर्व्हरवर हलवणं हे माझं काम. पहिल्याच बैठकीत ग्राहक म्हणतो, “भाषा तीच ना? मग नुसतं पुन्हा कंपाइल करा.” त्याच्या म्हणण्याला आधार आहे. डिसेंबर १९६० मध्ये एकच कोबोल प्रोग्रॅम आरसीए ५०१ आणि युनिव्हॅक २ या दोन वेगळ्या यंत्रांवर किरकोळ बदलांनिशी चालवून दाखवला होता. पुढे १९६८, १९७४, १९८५ ची मानकं आली. तरी आयबीएम, मायक्रो फोकस आणि फुकट मिळणारी ग्नूकोबोल यांच्या चुली वेगळ्याच.

व्याकरणातल्या फरकांची मला धास्ती नाही. तिथे कंपायलर ओरडतो. धास्ती मुकाट फरकांची. उणे १२३४५ ही रक्कम आयबीएमच्या साध्या रकान्यात शेवटच्या पाचाच्या जागी मोठा ‘एन’ घेऊन येते. चिन्ह त्या अक्षरातच दडलेलं. मायक्रो फोकसकडे तिथे छोटा ‘यू’ असतो. फाइल सरसकट एब्सडिक या मेनफ्रेमच्या अक्षरसंकेतातून सर्व्हरच्या आस्कीत नेली, की ‘एन’ तसाच राहतो आणि त्याचा अर्थ हरवतो. कॉम्प-३ मध्ये दाबून बसवलेल्या आकड्यांचा तर पार चुथडा होतो.

वर्णक्रमाचंही तसंच. एब्सडिकमध्ये अक्षरं आधी, आकडे नंतर, आस्कीत उलटं. एका कामात काही खाते क्रमांक आकड्याने सुरू होत, काही अक्षराने. एक फाइल मेनफ्रेमवर क्रम लावून आलेली, दुसरी सर्व्हरवर लावलेली. जुळवणीचा प्रोग्रॅम रिटर्न कोड शून्य देऊन सुखाने संपला आणि ढीगभर खाती ‘जोड नाही’च्या यादीत जाऊन बसली. वर्णक्रम जाहीर करायची सोय भाषेतच आहे, पण मूळ यंत्रावर तिची गरज नसल्यामुळे ती ओळ कुणी लिहीतच नाही.

याचं खापर सगळे विक्रेत्यांवर फोडतात. मला ते पटत नाही. ‘कॉम्प्युटेशनल’ आकडा आत कसा ठेवायचा, हे मानकानेच कंपायलर बनवणाऱ्यावर सोडलं होतं. ज्याने त्याने आपल्या यंत्राला जलद पडेल ते केलं. ही मोकळीक नसती, तर ही भाषा इतक्या यंत्रांवर पोचली नसती.

म्हणून सोर्स कोडच्या आधी मी जुन्या कंपायलरचे पर्याय मागतो. जादा अंक छाटायचे की नाही हे ठरवणारा ‘ट्रंक’ पर्याय ‘एसटीडी’ होता की ‘बिन’? चार अंकी कॉम्प (म्हणजे कॉम्प्युटेशनल) रकान्यात १२३४५ घातले, तर पहिल्यात २३४५ उरतात, दुसऱ्यात सगळे टिकतात. उत्तर बहुधा एकच मिळतं, “आधीपासून जे आहे तेच.” मग जेसीएल, म्हणजे मेनफ्रेमवर ते काम चालवणाऱ्या आज्ञा, उघडून बसायचं.