शेक, दुसऱ्यांदा

मामाचा गालाचा कॅन्सर दोन वर्षांनी परतला. ऑपरेशन आता शक्य नव्हतं. आम्हा भाचरांचा सोप्पा फंडा, ‘मग पुन्हा शेक द्या की!’

पण बॉस, शरीर हिशेब विसरत नाही. पहिल्या खेपेला सहा आठवड्यांत ३० वेळा मिळून ६० ग्रे किरणं दिली होती. जबडा, मज्जारज्जू, मानेतली मोठी रक्तवाहिनी, सगळ्यांच्या खात्यात ती जमा. पुन्हा डोस म्हणजे हाड मरण्याची, क्वचित रक्तवाहिनी फुटण्याचीही भीती. आयएमआरटीमुळे नेम अचूक झालाय, तरी रिस्क उरतेच.

मामाने डॉक्टरांना एकच विचारलं, ‘भाकरी चावता येईल?’

‘कदाचित नाही.’

दोन दिवस तो गप्प. मग म्हणाला, ‘पिठलं-भात चालेल. घ्या नाव लिहून.’

तुमच्या घरी ही वेळ आलीच, तर आधी पेशंटला विचारा, त्याला काय वाचवायचंय.