पथ्य, विध्यर्थ आणि ग्रॅनोला

क्रियापदाचे अर्थ शिकवताना उदाहरणांसाठी मी फार लांब जात नाही; स्वयंपाकघरात जाते. पोहे निवडून घ्यावेत, मंद आचेवर परतावेत, गार झाल्यावर डब्यात भरावेत. या 'वा-वी-वे'ला आपण विध्यर्थ म्हणतो आणि परीक्षेपुरते त्याचे कंगोरे विद्यार्थ्यांकडून घोकून घेतो: कर्तव्य, योग्यता, इच्छा, शक्यता. पाककृतीतल्या विध्यर्थाची गंमत अशी, की त्यात हे सगळे कंगोरे एकत्र नांदतात. सांगणारी बाई हुकूम सोडत नाही. असे करणे योग्य, असे झाले तर बरे, आणि तुझ्या आचेचा अंदाज तुलाच असणार, हे तिन्ही ती एका प्रत्ययात सांगून मोकळी होते. कमलाबाई ओगले यांच्या 'रुचिरा'ने १९७०नंतर वाटी-चमच्याची नेमकी मापे घरोघर रुजवली हे खरेच. पण मापे नेमकी झाली तरी मराठी स्वयंपाकघराचा सूर आज्ञार्थी झाला नाही.

हे सगळे आठवण्याचे कारण एक कागद. २०२२च्या पावसाळ्यात आप्पांच्या (माझ्या वडिलांच्या) हृदयाच्या दोन वाहिन्यांत स्टेंट बसवले आणि घरी सोडताना आमच्या हाती आहाराचा एक छापील तक्ता दिला. त्या तक्त्यात एकही विध्यर्थ नव्हता. 'मीठ टाळा', 'साय काढा' हे आज्ञार्थ होते. आणि जिथे आज्ञार्थाचीही उसंत नव्हती तिथे नुसतेच 'बंद'. तळलेले बंद. फरसाण, चिवडा, शेव बंद. लोणचे, पापड बंद. लोणी, वनस्पती तूप बंद. 'चालेल' या रकान्यात मात्र आमच्या घरात कधीही न उच्चारलेली नावे होती. त्यांत एक होते ग्रॅनोला, कंसात 'साखर न घातलेला'.

आईने चष्मा लावून तक्ता वरपासून खालपर्यंत वाचला, घडी घालून फ्रीजवर ठेवला आणि म्हणाली, "म्हणजे माझ्या हातचं सगळंच बंद म्हणा की."

या वाक्याचा अर्थ लागायला आईचा चिवडा ठाऊक असायला हवा. पातळ पोहे उन्हात तापवून, मग थोडे थोडे कढईत घेऊन, दाणे, डाळे, सुक्या खोबऱ्याचे काप, कढीपत्ता असा तो चिवडा दिवाळीपुरता नसे. आमच्याकडे त्याचा डबा बारमाही भरलेला असायचा. शाळेतून निवृत्त झालेले आप्पा दुपारी चारला चहाबरोबर बशीभर चिवडा घेत आणि शेजारच्यांनाही त्या वेळेचा अंदाज असे. आईचे शिक्षण सातवीपर्यंत. सासरी, माहेरी, गल्लीत तिचा जो मान होता तो तिच्या हाताला चव आहे म्हणून होता. सत्तरी ओलांडल्यावर एका छापील कागदाने तो हातच नवऱ्याच्या जिवाला घातक ठरवला. वैद्यकदृष्ट्या कागदाचे काही चुकले होते असे मी म्हणत नाही. पण पथ्य रुग्णाला सांगितले जाते आणि रांधणाऱ्याला भोगावे लागते, याची नोंद कोणत्याच तक्त्यात नसते. पहिला आठवडाभर आईने अळणी वरण, भात आणि दुधीची भाजी इतकेच केले, तेही कुणाच्या तरी परक्या स्वयंपाकघरात उभे राहून केल्यासारखे. चिवड्याचा रिकामा डबा तिने घासून माळ्यावर टाकला.

मी ग्रॅनोलाचे एक पाकीट आणले. ते उघडण्यापूर्वी मागचा बारीक मजकूर वाचला (प्राध्यापकी खोड, तळटीप आधी वाचायची), तर घटकांच्या यादीत ओट्सच्या लगोलग साखर होती आणि पुढे मध, मग कुठल्याशा धान्याचा पाक. एकाच वस्तूला तीन नावे देऊन ती विखुरली, की तिचे प्रमाण नजरेत भरत नाही. साहित्यातही ही युक्ती आपल्या परिचयाची आहे. तेव्हा हे घरीच करावे असे ठरले, आणि करण्याआधी ते मुळात आहे काय, हे पाहणे आले.

पाहिले तेव्हा कळले, की ग्रॅनोलाचा जन्मच पथ्यातला. न्यूयॉर्क राज्यातल्या डॅन्सव्हिल या गावी जेम्स केलेब जॅक्सन हे गृहस्थ जलोपचाराचे आरोग्यधाम चालवत. १८६३ साली त्यांनी कोंड्यासकट दळलेल्या गव्हाच्या पिठाची चपटी भाकर भाजली, तिचे तुकडे करून ते पुन्हा भाजले, भरडले आणि त्याला 'ग्रॅन्युला' असे नाव दिले. तो पदार्थ इतका टणक होता, की रात्रभर दुधात भिजवल्याशिवाय दात लागत नसे. पुढे मिशिगनमधल्या बॅटल क्रीक येथील आरोग्यधामात जॉन हार्वे केलॉग यांनी गहू, ओट्स आणि मका यांचा तसाच भाजून भरडलेला पदार्थ काढला आणि नावही तेच ठेवले. नावावरून तंटा झाला. केलॉगांनी एक स्वर बदलला आणि 'ग्रॅनोला' झाला. या मंडळींच्या मागे सिल्वेस्टर ग्रॅहम या धर्मोपदेशकाची शिकवण होती: मसाले, मांस, मद्य यांनी वासना चाळवतात, कोंड्याचे बेचव अन्न मनाला ताळ्यावर ठेवते. आपल्याकडच्या सात्त्विक-राजस-तामस आहारविचाराशी याचे नाते जुळवण्याचा मोह होतो. तो मी आवरते, कारण सात्त्विक आहारात तूप, दूध, मध यांना मज्जाव नव्हता. रसनेशी असे उघड वैर तिथे नाही.

आज आपण ज्याला ग्रॅनोला म्हणतो तो मात्र त्या आरोग्यधामांचा थेट वारस नव्हे. मधली कित्येक दशके तो विस्मृतीत गेला होता. १९६०च्या दशकातल्या हिप्पी तरुणांनी त्याला पुन्हा हाती घेतले आणि अख्खे ओट्स, तेल, मध, दाणे घालून त्याचे रूपच पालटले. १९६९च्या वुडस्टॉक महोत्सवात उपाशी जमावाला तो कागदी पेल्यांतून वाटला गेला. वासना शमवण्यासाठी निर्माण झालेला पदार्थ शतकभराने, सगळे निर्बंध झुगारू पाहणाऱ्या पिढीची खूण व्हावा, यात केवढा विनोद आहे! पुढे १९७०च्या दशकात कंपन्यांनी तो उचलला, गोड केला आणि पाकिटात भरला. अमेरिकी इंग्रजीत 'ग्रॅनोला' हे माणसाचे विशेषणही झाले. निसर्गाचा कैवार घेणाऱ्या, साध्या राहणीच्या माणसाला ते लावतात, काहीसे कौतुकाने, बरेचसे चेष्टेने.

आता कृतीकडे वळते. आमच्याकडे छोटा ओव्हन आहे. पहिला घाणा मी त्यात केला: चार वाट्या ओट्स; एक वाटी दाणे, बदामाचे काप, लाल भोपळ्याच्या बिया, तीळ आणि जवस मिळून; तीन मोठे चमचे शेंगदाण्याचे तेल आणि मधाऐवजी तितकीच काकवी. सांगली-कोल्हापूरकडच्या माणसाला काकवी सुचणे स्वाभाविक आहे. ती गुळाचीच पातळ बहीण असल्याने तीही साखरच, म्हणून बेताने. चिमूटभर मीठ. हे सगळे कालवून, ताटात पातळ पसरून दीडशे अंशांवर अर्धा तास, मध्ये एकदा हलवून. तासगावचे बेदाणे भाजून झाल्यावर घालायचे. आधी घातले तर करपून कडू होतात.

आई दारात उभी राहून पाहत होती. तिला या साऱ्यात खटकले ते ओव्हनचे बंद दार. "आत काय चाललंय ते कळत नाही, वास येत नाही, हात घालता येत नाही. मग करणारीनं करायचं काय?" टीका म्हणून हे वाक्य मला फार मोलाचे वाटते. मराठीत 'भाजणे' हे क्रियापद किती रुंद आहे पाहा: भाकरी भाजतात, शेंगा भाजतात, रवा भाजतात, वांगे भाजतात, विटाही भाजतात आणि शेतही भाजतात. पण या प्रत्येक भाजण्यात भाजणारा विस्तवाजवळ असतो. भट्टीचे दार लावून घड्याळाकडे पाहत बसणे आपल्या घरगुती भाजण्यात मुळी नव्हतेच.

चौथ्या दिवशी तिने लोखंडी कढई काढली. ओट्स कोरडेच मंद आचेवर दहा मिनिटे भाजले, पोह्यांसारखे, सतत उलथण्याने खालवर करत. दाणे आणि बिया वेगवेगळ्या भाजल्या, कारण, ती म्हणाली, तीळ आणि बदाम एका वेळी होत नाहीत हे ओव्हनला कुठे ठाऊक? मग तेल आणि काकवी कोमट करून त्यात सगळे घातले आणि आच आणखी उतरवली. मला वाटले मिश्रण मऊच राहिले. तिने हात धरून थांबवले. परातीत पसरले आणि कुणी हात लावायचा नाही असे बजावले. पाकाचा पदार्थ तापलेला असताना मऊ असतो, निवता निवता कडक होतो. चिक्की करणारीला हे शिकवावे लागत नाही. अर्ध्या तासाने परातीत खडे झाले होते, आणि घरात पुष्कळ दिवसांनी खरपूस वास होता.

आप्पांची प्रतिक्रिया म्हणाल, तर "हा घोड्याचा खुराक" अशी होती. त्यांना ठाऊक नव्हते, पण या मताला थोर परंपरा आहे: डॉ. सॅम्युएल जॉन्सन यांनी १७५५च्या आपल्या इंग्रजी कोशात ओट्सची व्याख्या करताना इंग्लंडातले घोडे आणि स्कॉटलंडमधली माणसे यांना एका पंक्तीला बसवले होते. मी त्यांना ओट्समधल्या बीटा-ग्लुकन या विद्राव्य तंतूविषयी सांगितले. तो कोलेस्टेरॉल काहीसे उतरवतो आणि १९९७ साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने पाकिटांवर तसे छापायला परवानगीही दिली. आप्पांनी शांतपणे ऐकून घेतले आणि दुधात भिजवलेला तो वाडगा तसाच ठेवला. भिजून लिबलिबीत झालेले काहीही त्यांना आजारपणाचे अन्न वाटते. त्यांचे चुकते असे मला वाटत नाही. कुरकुरीत, कुडकुडीत, चुरचुरीत, खुसखुशीत असे दातांच्या ध्वनीचे बारकावे टिपणाऱ्या भाषेत ज्याचा जन्म गेला, त्याला पेज पुढे करून 'पौष्टिक आहे' म्हणणे हा एक प्रकारचा अपमानच.

त्या दुपारी चारला आईने वाडगा उचलला. बशीत मूठभर कोरडा ग्रॅनोला घातला, शेजारी बिनसाखरेचा चहा ठेवला आणि काही न बोलता आत निघून गेली. आप्पांनी चमचा बाजूला सारला, हाताने खाल्ले. आवडले असे ते तेव्हा म्हणाले नाहीत आणि आजवरही म्हणालेले नाहीत. चिवड्याची सर याला नाही, हे मात्र महिन्यातून एकदा तरी ऐकवतात, आणि आईच्या चेहऱ्यावरून ते ऐकायला तिला आवडते असे दिसते.

माळ्यावरचा डबा खाली आला. पुढे तिचे प्रयोग सुरू झाले. थोड्या ज्वारीच्या लाह्या घालून पाहिल्या, त्या टिकल्या. राजगिऱ्याच्या लाह्या तळाशी बसतात म्हणून बाद झाल्या. दालचिनी मी सुचवली, ती स्वीकारली गेली. वेलदोडा घालावा की नाही यावर अजून एकमत नाही. माझ्या मते तो सगळ्याला शिऱ्याचा वास देतो. आता गल्लीत हृदयाचे किंवा रक्तदाबाचे काही निघाले, की तिथली बाई आमच्याकडे येऊन आईला विचारते, आणि आई प्रमाण सांगते. कागदात 'चालेल' एवढेच होते. कसे चालवायचे ते आता तिच्याकडे असते.

मागच्या महिन्यात तिच्या डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले, म्हणून कृती वहीत उतरवायचे काम माझ्याकडे आले. मी मथळा 'ग्रॅनोला' असा लिहून वाचून दाखवला. "ळ," ती म्हणाली. "ग्रॅनोळा." तिच्या तोंडी तो तसाच रुळला आहे, आणि ज्या भाषेतून शब्द आला तिच्यात हा वर्णच नाही, हे सांगून मी काय साधणार होते? खोडून 'ग्रॅनोळा' लिहिले. पुढे तिने सांगितले ते असे: ओट चार वाट्या घ्यावेत. आच बारीक ठेवावी. काकवी दिसू नये, नुसती लागावी. वास सुटला की उतरवावे, घड्याळ बघू नये. निवेपर्यंत हात लावू नये. ह्यांना विचारत बसू नये, बशीत घालून समोर ठेवावे. मग थोडे थांबून: वेलदोडा आवडीप्रमाणे.

तो शेवटचा शब्द मी अजून वहीत घातलेला नाही.