पदराखालच्या गाठी



बावीस वर्षांत सासूबाईंच्या डोक्यावरचा पदर ढळलेला मी पाहिला नव्हता. स्थानकात, मेहरूण तलावावर फिरताना, घरात भाजी निवडतानासुद्धा. जुनी रीत, असं मी समजत होते.

गेल्या पर्युषणाआधी लेकीच्या डोक्याला तेल लावताना कानामागे गाठ लागली. गुळगुळीत, आपल्या मेहरूणच्या कोवळ्या बोराएवढी. माझ्या पोटात गोळाच आला. समोर बसलेल्या सासूबाईंनी काही न बोलता पदर मागे सारला. टाळूवर दहा-बारा गुलाबी गाठी! म्हणाल्या, "माझ्या आईलाही होत्या."

त्वचेच्या डॉक्टरांनी लेकीच्या गाठीचा तुकडा तपासायला पाठवला. निदान आलं सिलिंड्रोमा. कर्करोग नाही, स्पर्शाने पसरतही नाही. खूप वाढल्या तर पगडी घातल्यासारख्या दिसतात, म्हणून टर्बन ट्यूमर असंही म्हणतात. घराण्यात चालत आलेला असला, की दोष बहुधा सोळाव्या गुणसूत्रावरच्या सीवायएलडी या जनुकात असतो. आई किंवा वडील, कोणाकडूनही येतो. प्रत्येक अपत्याला पन्नास टक्के शक्यता. आमच्या ह्यांच्या मानेवरची 'चरबीची गाठ' तेव्हा कुठे आठवली!

गाठी कापून काढता येतात, पण नवीन येऊ शकतात. क्वचित एखादी कर्करोगाकडे वळते. म्हणून गाठ भराभर वाढली, चिघळली किंवा रक्त आलं, तर लगेच दाखवायचं.

कोणी म्हणालं, "पूर्वकर्म, दुसरं काय!" शरीराची ठेवण नामकर्माने ठरते, हे आपण पाठशाळेत शिकलोच. पण म्हणून त्याची लाज बाळगा, लपवा, असं कुठे शिकवलं? रूपाचा गर्व धरलेल्या सनत्कुमार चक्रवर्तींची गोष्ट आपण सगळ्यांना सांगतो. मग घरातली गाठ का झाकतो?

संवत्सरीला प्रतिक्रमण करून आल्यावर सासूबाईंनी नातीपुढे हात जोडले. "मिच्छामि दुक्कडं, बेटा. लोक काय म्हणतील म्हणून गप्प बसले." मग धुळ्याला नणंदबाईंना स्वतः फोन करून म्हणाल्या, "मुलांची डोकी बघून घे."

लेकीची गाठ काढली. टाके निघाले त्या दिवशी ती म्हणाली, "मम्मी, स्थळ आलं की आपण हे आधीच सांगायचं." माझ्या मनात धाकधूक आहे, खोटं कशाला बोलू? पण सांगणार.

तुम्हीही तेल लावताना बोटं जरा सावकाश फिरवा. आणि घरातल्या मोठ्यांना एकदा प्रेमाने विचारा.