एकच कप्पा

लेस्टरला मुलीकडे आले की माझा एक फेरा ठरलेला असतो. बेलग्रेव्ह रोडवरून मेथी-कोथिंबीर घ्यायची आणि परतताना चॅरिटीच्या दुकानांत जुनी पुस्तकं चाळायची. अशा तीन हिवाळ्यांत कॉलिन विल्सनची अकरा पुस्तकं घरात आली. जावयांनी कपाट मोकळं करून दिलं आणि मी अडले. खुनांचा कोश, गूढविद्येवरचा विटेएवढा जाड ग्रंथ, संगीतावरचे निबंध, मद्यावरचं पुस्तक, अंतराळातून आलेल्या रक्तपिपासूंची कादंबरी. शिवाय चरित्रं: रास्पुतिन, बर्नार्ड शॉ, युंग, रुडॉल्फ स्टायनर. कुणाला कुणाशेजारी बसवायचं?

विल्सन याच गावचा. 1931 साली जन्मला. वडील बुटांच्या कारखान्यात कामगार. तेव्हाचं लेस्टर बुटांवर आणि होजिअरीवर जगायचं. सोळाव्या वर्षी शाळा सुटली. पुढे लंडनमध्ये भाडं वाचवायला हॅम्पस्टेड हीथच्या माळावर झोपायच्या पिशवीत रात्र काढायची आणि दिवसा ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयात बसून लिहायचं. त्यातून मे 1956 मध्ये ‘द आउटसायडर’ आलं. (कामूच्या कादंबरीचंही इंग्रजी नाव हेच, म्हणून आपल्याकडेही दोन्हींची गल्लत होते.) व्हॅन गॉग, निजिन्स्की, टी. ई. लॉरेन्स आणि शेवटाकडे आपले रामकृष्ण परमहंस, सगळे एका पंगतीत. लेखक अवघा चोवीस वर्षांचा. समीक्षकांनी त्याला डोक्यावर घेतलं. पुढल्याच वर्षी प्रेयसीचे वडील चाबूक घेऊन त्याच्या घरी थडकले, वर्तमानपत्रांनी ती बातमी चघळली, आणि दुसरं पुस्तक येताच कौतुक करणाऱ्यांनीच त्याला झोडपलं. तो कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावर राहायला गेला. 2013 साली वारला, तोवर त्याच्या नावावर शंभरावर पुस्तकं जमली होती.

सगळी चांगली नाहीत. घाई दिसते, तेच दाखले पुन्हा येतात, अतींद्रिय गोष्टींवर तो फार चटकन विश्वास टाकतो. लहान मुलांचे खून करणाऱ्या इयन ब्रेडीशी त्यानं पत्रव्यवहार ठेवला, त्याच्या पुस्तकाला प्रस्तावना लिहिली. ते मला आजही सोसत नाही.

तरी मी त्याला सोडत नाही, ते एका साध्या प्रसंगामुळे. तरुणपणी तो लिफ्ट मागत पीटरबरोकडे निघाला होता. कंटाळलेला, कशातच मन नाही. ज्या ट्रकमध्ये बसला त्याच्या गिअरबॉक्समधून आवाज येऊ लागला, म्हणून उतरावं लागलं. दुसरा ट्रक मिळाला, तर त्याचंही तेच! वेग कमी ठेवला की आवाज थांबतो, हे चालकाच्या ध्यानात आलं. दोघंही कान टवकारून बसले. आवाज येत नाही म्हटल्यावर विल्सनला एकदम आनंद झाला, आणि तो चमकला: मला मिळालं तर काहीच नाही, फक्त एक अडचण टळली, मग हा आनंद आला कुठून? तो आधीपासून होताच, आपणच झोपेत होतो. ट्रक तेव्हा सेंट निओट्स गावातून चालला होता, म्हणून झोप आणि जाग यांच्यामधल्या मनाच्या या काठाला त्यानं त्याच गावाचं नाव दिलं.

हे वाचल्यावर त्याची चरित्रं मला वेगळी दिसू लागली. शॉ असो की रास्पुतिन, हा माणूस जागा कधी झाला आणि पुन्हा कधी पेंगला, एवढंच तो प्रत्येकाच्या आयुष्यात शोधतो. खुनी माणसाकडेही तो हाच प्रश्न घेऊन जातो, आणि तिथेच त्याचा तोल जातो.

या जानेवारीत घरातला बॉयलर बंद पडला. दोन दिवस आम्ही स्वेटरवर स्वेटर चढवून स्वयंपाकघरात बसून होतो. नात माझ्या शालीत. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी भिंतीतल्या पाइपांत गुरगुर झाली. चौघंही उठून रेडिएटरला तळवे लावून उभे राहिलो. बराच वेळ कुणी बोललं नाही. नात एवढंच म्हणाली, “आजी, गरम!”

त्या रात्री मी अकराही पुस्तकं एकाच कप्प्यात लावली.